पट्ट्याची साक्ष

रबराच्या पट्ट्याला स्मरणशक्ती आली त्याला आता चार वर्षं झाली होती, आणि तेवढ्याच काळात खोऱ्यातल्या माणसांची स्मरणशक्ती कमी झाली, असं वनिता उतेकरचं ठाम मत होतं. ते ती चारचौघांत बोलून दाखवत नसे. आरोग्य सेवेच्या करंबळीच्या गॅरेजची ती मुख्य होती, पगार सेवेचा होता आणि पट्टा सेवेचा लाडका होता.

कोयनेच्या फुगवट्यापलीकडच्या त्या खोऱ्यात सतरा वाड्या होत्या आणि रस्ता म्हणावा असा एकही नव्हता. दर पावसाळ्यात डोंगर खाली यायचा, दर हिवाळ्यात सरकार पुन्हा रस्ता करायचं, आणि दोघांपैकी कुणीच कंटाळत नव्हतं. औषधं ड्रोननं यायची, पण आजारी माणूस काही ड्रोननं जात नाही. त्यासाठी चौचाकी होती. चार जाड चाकांची, इथेनॉलवर चालणारी, मोटारसायकलसारख्या हँडलची उघडी गाडी, आणि तिच्या मागं एका माणसाला निजवता येईल अशी ट्रॉली. दगड, ओढा, चिखल, कशालाच ती दाद देत नसे. जपावं लागे ते फक्त तिच्या पोटातल्या पट्ट्याला.

या गाडीला मोटारीसारखे चार-पाच गिअर नसतात, चढाला हलका आणि सपाटीला जड असे दोनच. इंजिनाकडं एक पुली, चाकांकडं दुसरी, आणि दोन्हींत एकच जाड रबरी पट्टा. चढ आला की पुल्यांची तोंडं उघडतात-मिटतात आणि पट्टा वरखाली सरकून जोर कमीजास्त करतो. म्हणजे इंजिनाची सगळी ताकद दोन बोटं रुंदीच्या रबरातून जाणार. तो पट्टा पुलीवर घसरला की तापतो, आणि तापला की मरतो. म्हणून पुलीलाच पंख्यासारखी पाती असतात. ती एका नळीतून बाहेरची हवा ओढतात आणि पट्टा थंड ठेवतात. ओढ्यात पाणी शिरू नये म्हणून नळीचं तोंड वर, हँडलापाशी काढलेलं असतं आणि त्यावर तारेची बारीक जाळी असते.

वनिताला पट्टा वाचता यायचा. बाजू आरशासारख्या चमकत असल्या, तर तो घसरत होता. एकाच जागी जळाल्याचा डाग असला, तर चाकं अडकलेली असताना कुणीतरी अंगठा दाबून धरला होता, कारण या गाडीची रेस अंगठ्याखाली असते. कडेचे दोरे सुटले असले, तर पुल्या एका रेषेत नव्हत्या. एकोणीस वर्षं ती हे करत आली होती. तुटलेला पट्टा हातात घेतला की ती नुसती बोटं फिरवून चालकाला सांगायची, बाबा रे, तू अमक्या चढाला जड गिअरात गेलास. आणि चालक कान पकडायचा.

मग शहाणा पट्टा आला. त्याच्या रबरात केसाहून बारीक कार्बनचे दोरे विणलेले असत. तापल्यावर, ताणल्यावर त्यांच्यातून वाहणारी वीज कमीजास्त होई आणि तिळाएवढी एक चकती ते सगळं टिपून ठेवी. गाडी गॅरेजच्या नेटवर्कमध्ये आली की ती हकिगत शहरातल्या केंद्राकडं जायची. केंद्रानं देशभरातले लाखो पट्टे वाचलेले होते. ते मिनिटभरात निकाल द्यायचं, यंत्रदोष की चालकदोष, आणि खात्री किती टक्के. त्यानंतर कुणी वाद घालेनासं झालं. वनिताच्या बोटांना काम उरलं नाही. निकालाच्या कागदाखाली तिची सही तेवढी लागायची, कारण नियमावलीत अजून माणसाच्या सहीची ओळ राहून गेली होती.

दसऱ्यानंतर नवव्या दिवशी असाच एक कागद तिच्या पुढ्यात आला. चालक नवनाथ ढेबे. चढावर अतिरेकी रेस. चालकदोष, खात्री सत्त्याण्णव टक्के. वनितानं पेन हातात घेतलं आणि परत खाली ठेवलं.

घडलं होतं ते असं. दसऱ्याच्या दुपारी उंबरसोंडेहून फोन आला. समाधान शेलारची बायको प्रणाली, पहिलटकरीण, तिला कळा सुरू झाल्या होत्या आणि मूल आडवं होतं. नवनाथ जेवत्या ताटावरून उठला, तासाभरात वाडीत पोचला, तिला ट्रॉलीत घेऊन निघाला. म्हातारखिंडीचा चढ अर्धा झाला आणि पट्टा फुटला. सीटखाली जादा पट्टा असतोच. नवनाथनं वीस मिनिटांत तो बदलला. पुढं चारशे मीटरही गेला नसेल, तोच दुसराही फुटला. मग समाधान आणि नवनाथ झोळी करून निघाले, वाटेत दोन गुराखी भेटले, चौघांनी मिळून तिला खिंडीपार नेलं. धक्क्यावर लाँच उभी होती. पण तोवर तीन तास गेले होते. प्रणाली वाचली. मुलगा होता, तो वाचला नाही.

आता समाधान पोलिसांत जाणार होता. सेवेनं त्याला सांगितलं होतं की सोमवारपर्यंत थांबा, निकालावर सही झाली की कागद तुमच्या हातात देतो. त्या कागदावर नवनाथची नोकरी जाणार होती आणि वर निष्काळजीपणाचा गुन्हा लागणार होता. नवनाथला दोन लेकरं होती. पण वनितानं पेन खाली ठेवलं ते त्यामुळं नव्हे. दसऱ्याच्या संध्याकाळी नवनाथ तिच्यासमोर उभा राहून बोलला होता, ते तिला विसरता येत नव्हतं. तो म्हणाला होता की हलका गिअर होता, अंगठा पिसासारखा ठेवला होता, मागं बाई विव्हळत असताना मी गाडी हिसडेन का. त्याचा चेहरा तेव्हा राखेसारखा झाला होता, पण बोलताना तो कुठं अडखळला नव्हता.

शनिवारी नवनाथ गॅरेजात आला. तिनं चहा पुढं केला, तो त्यानं घेतला नाही. तो उभ्यानंच म्हणाला, "ताई, सही करून टाका. माझ्यासाठी नका अडवू."

"तू तर म्हणालास, रेस दिली नव्हती."

"तवा म्हणालो. पर दिलीच असणार. ती वरडली आन् मी घाबारलो. अंगठा गच्च दाबला मी. खिंडीतल्या त्या करवंदीच्या जाळीपाशी. दुसऱ्यांदा तर लईच दाबला. अंगठ्याला कळ लागली हुती."

वनितानं विचारलं, हे तुला कधी आठवलं. त्यानं जरा विचार केला आणि सांगितलं की निकाल मोबाइलवर आला त्या रात्री झोपच लागली नाही, पडल्या पडल्या सगळं एकेक करून दिसत गेलं. आता तर डोळे मिटले की अंगठाच दिसतो.

"पट्ट्याला कशाला खोटं बोलायची गरज हाय, ताई? त्याला ना बायको ना पोरं."

तिला भीती वाटली, आणि ती नवनाथच्या गुन्ह्याची नव्हती. नऊ वर्षं ज्याच्या शब्दावर तिनं गाड्या सोडल्या, तो माणूस स्वतःची आठवण बाजूला ठेवून एका रबराची आठवण अंगावर घेऊन बसला होता. जाताना त्यानं विचारलं, प्रणाली काही बोलली का कुणाशी. नाही, वनिता म्हणाली. त्या दिवसापासून तिच्या तोंडून शब्द फुटला नव्हता. आईशी नाही, नवऱ्याशी नाही.

तो गेल्यावर वनितानं गॅरेजचा दरवाजा लोटला आणि दोन्ही पट्टे टेबलावर घेतले. नियमाप्रमाणं निकाल आल्यावर ते भंगारात जायला हवे होते. तिनं ते पोत्याखाली ठेवून दिले होते, का ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

तिची बोटं पट्ट्यावरून फिरू लागली. एकाच जागी डाग? नव्हता. कडेचे दोरे जागेवर होते. बाजू चमकत होत्या, पण सगळीकडं सारख्या. रबर पूर्ण वेढाभर कडक झालेलं आणि आडव्या बारीक भेगा, तव्यावर विसरलेल्या भाकरीला पडतात तशा. अंगठ्यानं जाळलेला पट्टा असा दिसत नाही. तो कुठंतरी जास्त जळतो, कुठंतरी कमी. हा भाजून निघाला होता. आणि दुसऱ्याची तीच गत, नवा कोरा असून चारशे मीटरांत. ती शिकायला होती तेव्हा तिच्या वस्तादानं एक गोष्ट तिच्या डोक्यात पक्की घातली होती. पहिला पट्टा गेला तर पट्ट्याकडं बघ. पाठोपाठ दुसरा गेला तर पट्टा सोड, नेमकं घोडं कुठं पेंड खातंय ते शोध.

तिनं पुल्या तपासल्या. सरळ होत्या, गुळगुळीत होत्या, स्प्रिंगा ठीक. तेलाची गळती नाही. ओढ्याच्या पाण्याची खूण नाही. उरली हवा. नळीच्या तोंडावरची जाळी जागच्या जागी होती, स्वच्छ, आरपार दिसत होतं. तिथंच थांबावं असं तिला फार वाटलं. तरीही तिनं जाळी काढली, नळीचे दोन्ही क्लिप सैल केले आणि नळी टेबलावर आपटली.

नळीला हँडलाखाली एक वळण होतं. त्या वळणातून एक गच्च बोळा बाहेर पडला. पानांचा. जोडीजोडीनं चिकटलेली, मधे खाच असलेली, वाळून तपकिरी झालेली पानं. शेंबड्या पोरालाही ओळखू येतील अशी आपट्याची पानं.

वनिता स्टुलावर बसली. ती पानं आत कशी गेली, हे कळायला तिला फार वेळ लागला नाही.

खंडेनवमीला गॅरेजातली सगळी हत्यारं घासून पुसून पाटावर मांडायची, हळदकुंकू वाहायचं, झेंडूची माळ घालायची, आणि दसऱ्याचं सोनं लुटून होईतो त्यांतलं एकही उचलायचं नाही, ही तिच्या वस्तादाच्या वेळेपासूनची रीत होती. गाडी चालवायला हरकत नसे. पाटावरचं हत्यार मात्र हलवायचं नाही. यंदा नवमीला तिनं गाडी धुतली, नळीची जाळी काढून साबणानं घासली आणि लखलखती जाळी बघून तिला इतकं बरं वाटलं की पान्यांच्या शेजारी तीही पाटावर मांडली. एवढी राबते बिचारी, हिलाही मान मिळू दे. असंच काहीतरी ती मनात म्हणाली होती. दसऱ्याला फोन आला तेव्हा ती घरी पुऱ्या तळत होती. नवनाथ आला, गाडी काढली, गेला. जाळी पाटावरच राहिली.

आणि गाडी ओढून आणली त्या दिवशी, मूल गेल्याच्या बातमीनं डोकं बधिर झालेलं असताना, तिनं पूजा आवरली, पाने खिळ्यांना अडकवले आणि जाळी नळीवर बसवली. हाताला सवय होती. मनाला तिनं विचारलंच नव्हतं.

तिला रडू आलं. ते नवनाथसाठी नव्हतं, त्या मुलासाठीही नव्हतं. ते स्वतःसाठी होतं आणि त्याची तिला लाजही वाटली. या खोऱ्यात आणखी कुणाला हे कधी कळणार नव्हतं. एक सही केली की झालं. आणि खरं सांगितलं, तर फक्त तिची नोकरी जाण्यावर भागणार नव्हतं. पट्टा आणि पुल्या बसवलेली पेटी सील करून टाकायची, हजार किलोमीटर झाले की अख्खी पेटी बदलायची आणि गॅरेजं बंद करायची, असं सेवेच्या मनात दोन वर्षं होतं. माणसाचा हात लागला की घोटाळा होतो, असं ते म्हणत. त्यांच्या हातात ती स्वतःहून पुरावा देणार होती.

रविवारी ती नवनाथच्या घरी गेली. आधी तिनं त्याला एकच विचारलं, उंबरसोंडेत गाडीवर पानं कुणी वाहिली.

नवनाथ इतक्या दिवसांत पहिल्यांदा जरासा हसला. म्हणाला, प्रणालीनं. तिला ट्रॉलीत घेत होते. तिची सासू ताटात सोनं घेऊन दारात उभी होती. कळ ओसरली तशी प्रणाली म्हणाली की थांबा, दसरा हाय, गाडीलाबी सोनं द्यायचं. दोन ओंजळी भरून घेतल्या आणि हँडलापाशी ठेवल्या. आमच्या बाळाला तूच नेणार हायस, असं म्हणाली गाडीला. सगळे हसले, ती पण हसली.

वनितानं पुढचं सगळं पोटात ठेवलं. घरी परत येताना तिला कळून चुकलं की कालपर्यंत प्रश्न एवढाच होता, खरं सांगायचं की नाही. आता खरं सांगितलं तर नवनाथ सुटत होता आणि आईच्या ओंजळीवर बोट जात होतं. जाळी असती तर पानं वरच राहिली असती, हे वनिताला ठाऊक होतं. पण ज्या बाईचं मूल गेलंय तिला जाळी दिसणार नाही. तिला तिची ओंजळ दिसेल, जन्मभर.

सोमवारी साताऱ्याहून सेवेच्या अधिकारी बारटक्के मॅडम आल्या. तिशीच्या, चटपटीत, बोलायला गोड, घड्याळावर नजर. समाधानही आला होता. तो आवारातल्या जांभळाखाली बसला, आत आला नाही. मॅडमनी सहीबद्दल विचारलं. वनिता म्हणाली की सहीआधी मॅडमनी स्वतः गाडी चालवावी, गॅरेजमागच्या चढावर, पाच फेऱ्या. मॅडमना ते गमतीचं वाटलं. स्कूटर येत होती, तर हीही येईल.

वनितानं नवा पट्टा घातला. हलका गिअर लावून दिला. मॅडमनी पाच फेऱ्या मारल्या, गाडी फाटकाशी येताच गॅरेजच्या स्क्रीनवर निकाल आला. चालक उत्तम. मॅडम खूश झाल्या. मग वनितानं त्यांच्यासमोर नळीत हातरुमालाचा बोळा कोंबला आणि तेवढ्याच फेऱ्या तशाच मारायला सांगितल्या. चौथ्या फेरीला जळक्या रबराचा वास आला. पाचवीला गाडी धापा टाकत परत आली. स्क्रीन लुकलुकली. चढावर अतिरेकी रेस. चालकदोष, खात्री पंचाण्णव टक्के.

"पण मी एवढा अंगठा दाबलाच नाही," मॅडम म्हणाल्या.

"नवनाथ पण पहिल्या दिवशी हेच म्हणाला होता."

मॅडम पुन्हा स्क्रीनकडं बघत राहिल्या. मग स्वतःच्या अंगठ्याकडं. हळू आवाजात म्हणाल्या, "दाबला असेल का? शेवटच्या वळणावर थोडा..."

"नाही दाबला. मी मागंच उभी होते," वनिता म्हणाली. "मॅडम, गाडी जुनी, पट्टा तेवढा नवा. अंगठ्यावर नजर ठेवणारं काही या गाडीत नाहीच. पट्टा हात बघत नाही. तो ताप बघतो आणि तापावरनं हात कसा होता ते ठरवतो. हवा बंद झाली तरी ताप येतो. पण हवा बंद होईल हे केंद्राला कुणी शिकवलंच नाही, कारण जाळी कायम असते असं त्यांनी धरलंय."

"मग त्या दिवशी जाळी नव्हती?"

"नव्हती. मी काढली होती. बसवायची राहिली."

बोलून झाल्यावर तिला हलकं वाटेल असं तिला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. मॅडमनी विचारलं, का काढली होती. वनितानं नवमीची, पाटाची हकिगत सांगितली. शेवटी मॅडमनी विचारलं, नळीत काय अडकलं होतं.

"रान," वनिता म्हणाली. "वाळलेलं गवत, कुसळं. खिंडीत ते छातीएवढं वाढतंच."

पानं तिनं आदल्या दिवशी घरच्या चुलीत घातली होती. स्वतःविरुद्ध होता नव्हता तेवढा पुरावा जाळून ती स्वतःविरुद्ध साक्ष देत होती, आणि हा विचार मनात आल्यावर तिला हसावं की रडावं ते कळलं नाही.

केंद्राच्या फॉर्मात जाळीसाठी रकाना नव्हता. यंत्रदोष नव्हे, चालकदोषही नव्हे. मॅडमनी साताऱ्याला तीन फोन केले. शेवटी नवा रकाना उघडायचं ठरलं, देखभालदोष, आणि त्यात पहिलं नाव वनिता वसंत उतेकर असं चढलं. सगळ्या गाड्यांच्या पेट्या महिन्याभरात सील होणार, करंबळीचं गॅरेज बंद होणार, हेही त्याच फोनवर ठरलं. मॅडम जाताना म्हणाल्या की तुम्ही सांगितलं नसतंत तरी चाललं असतं. त्यांनी ते चांगल्या मनानं म्हटलं होतं.

नवनाथ सुटला, पण मोकळा झाला नाही. त्याला तिनं सगळं दोनदा समजावलं, फक्त गवत म्हणाली. त्यानं मान डोलावली. मग हलकेच म्हणाला, "खरं आसंल तुमचं. पर मला अजून दाबल्यालं आठवतंय, ताई. ते कसं काढू?" त्यानं चालकाची नोकरी सोडली. किल्ली तिच्याच टेबलावर ठेवून गेला.

समाधाननं तिच्यावर तक्रार दिली की नाही, हे तिनं विचारलं नाही. दिवाळीच्या आधी चार दिवस ती पायी उंबरसोंडेला गेली. कुणी बोलावलं नव्हतं. जावं लागेल एवढंच तिला कळत होतं. सासू दारातच होती, तिनं काही न बोलता आत हात केला. प्रणाली खिडकीपाशी बसली होती. बावीस वर्षांची पोर, ओठ फाटलेले, केस कुणीतरी बळजबरीनं विंचरलेले. वनितानं उभ्याउभ्याच सांगितलं. नवमीच्या पूजेला गाडीच्या नळीची जाळी मी काढली होती, बसवायची मीच विसरले, नवनाथचा काही दोष नाही, तुझं मूल माझ्यामुळं गेलं. 

प्रणालीनं मान वर केली. कितीतरी दिवसांनी आवाज काढल्यामुळं तो चिरका निघाला.

"काकी, आम्ही सोनं वाह्यलं हुतं गाडीवर. म्या. दोन वंजळी. त्यानं तर न्हाई ना..."

सासू दारात थिजली. वनिताच्या लक्षात आलं की ही पोर एवढे दिवस हेच धरून बसली होती. तिला कुणी सांगितलं नव्हतं, कुणाला माहीतही नव्हतं. तिनं ते आपलं आपणच शोधून काढलं होतं आणि कुणाला विचारायची हिंमत होत नव्हती म्हणून ती मुकी झाली होती.

"न्हाई गं बाई," वनिता म्हणाली. तिनं प्रणालीच्या डोळ्यांना डोळा भिडवला आणि तो हलू दिला नाही. "पानं वाटेतच वाऱ्यानं उडाली. मी नळी स्वतः उघडली. आत खिंडीतलं गवत होतं. जाळी असती तर तेही गेलं नसतं."

"तुमी बघितलं? सोताच्या डोळ्यांनी?"

"माझ्या डोळ्यांनी. माझ्या हातांनी बाहेर काढलं."

प्रणाली तिच्याकडं बघत राहिली. मग तिचा चेहरा हळूहळू बदलत गेला. नाक लाल झालं आणि ती उठून उभी राहिली.

"मग तुमीच मारलं त्याला."

"व्हय. मीच."

"चालत्या व्हा हितनं. तुमचं तोंड दावू नका मला परत. एक जाळी लावायला झालं न्हाई तुमाला? पूजा करत बसलात? तुमचे हात झडले का न्हाईत..."

सासूनं तिला आवरायला हात पुढं केला, तो तिनं झिडकारला. वनिता वळली, चपला घातल्या आणि अंगण उतरून वाटेला लागली. प्रणाली ओट्यावर आली होती. तिचा आवाज आता मोकळा झाला होता आणि साऱ्या वाडीला ऐकू जात होता. शेजारची माणसं दारात येऊन उभी राहिली. ती रडत होती आणि शिव्या देत होती, वनिताला, तिच्या गॅरेजला, तिच्या सात पिढ्यांना. वनितानं मागं वळून पाहिलं नाही. ती मुद्दाम सावकाश उतरत राहिली, शिव्या शेवटपर्यंत ऐकू याव्यात म्हणून.